रूबेनच्या पायथ्याचा दगड

आमच्या घराण्याचा मूळपुरुष जेबेझ टिल्टन. अमेरिकेवर अजून इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हा एक बैलजोडी, एक बायको आणि एक तीन पायांची लोखंडी हंडी घेऊन तो या डोंगरावर आला. झाडं तोडली, शेतातले दगड वेचून बांध घातले, आणि पहिल्याच पिकाला जमिनीत खड्डा खणून, निखाऱ्यांत पुरून, घेवड्याची हंडी शिजवली. हे काही मी पदरचं सांगत नाही. अख्खं हार्लो गाव सांगतं, आणि हार्लोचे लोक तर बाहेर पाऊस पडतोय हेसुद्धा दोनदा खिडकीतून बघितल्याशिवाय कबूल करत नाहीत.

दर ऑगस्टात आमच्याकडे 'जुन्या घरचा दिवस' असतो. गाव सोडून गेलेली मंडळी परत येतात आणि चर्चमागच्या माळावर हंड्या पुरल्या जातात. हंड्या बऱ्याच असतात, पण पहिली निघते ती जेबेझची, आणि ती जेबेझच्या रक्ताच्या माणसानंच काढायची. त्याशिवाय दुसऱ्या हंडीला कुणी हात लावत नाही. गेली कित्येक वर्षं हा मान माझ्या थोरल्या भावाचा, ऑल्डनचा. ऑल्डन म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही असा माणूस. जन्मभर गाई पाळल्या, लग्न केलं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण वर्षातून एक दिवस धुतलेला शर्ट घालून, हातात लांब आकडा घेऊन तो त्या खड्ड्याशी उभा राहायचा, तेव्हा माझा भाऊ मला राजबिंडा दिसायचा.

मी व्हर्ना, त्याची धाकटी बहीण. गावच्या शाळेत उभी हयात स्वयंपाक केला. हार्लोतल्या निम्म्या लोकांची हाडं माझ्या हातच्या जेवणावर पोसलीत, त्यामुळे मी तोंडाला येईल ते बोलते आणि कुणी मला काही म्हणत नाही.

यंदा वसंतात ऑल्डनचे दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, वजन उचलायचं नाही. घेवड्यानं भरलेली ती लोखंडी हंडी म्हणजे तर चांगलं मोठं वासरूच. मग हंडी काढणार कोण?

"ड्वाइट येईल," ऑल्डन म्हणाला.

ड्वाइट माझाच मुलगा. ॲरिझोनाला असतो, वाळवंटात, थंडगार केलेल्या घरात. गुणी आहे पोर, पण त्याच्या हाताला बटणं दाबायची सवय.

"मार्नी काढेल की," मी म्हटलं. "खड्डा ती खणते, मेपलची लाकडं ती फोडते, निखारे ती बघते. राहिलं काय? वर ओढायचं!"

"मार्नी टिल्टन नाही."

"मग इतकी वर्षं तुझ्या टेबलाशी बसून जेवतेय ती कोण?"

"मार्नी मार्नी आहे. हंडी रक्तानं काढायची असते."

"रक्तानं नाही रे, हातानं काढायची असते!"

नेमकी तेव्हाच मार्नी दुधाची बादली घेऊन दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. "माझं काही म्हणणं नाही," एवढंच बोलली आणि बादली अशी आदळली की अर्धं दूध फरशीवर.

ही मार्नी लहान असताना निराधार पोरांची सोय लावणाऱ्या सरकारी बाईनं एका पिशवीसकट आणून सोडली होती, थोड्या दिवसांसाठी म्हणून. कागदावर ती माझ्या घरी आली होती. पण दुसऱ्या दिवशी वर ऑल्डनच्या गोठ्यात वासरू बघायला गेली ती खाली आलीच नाही. आता चाळिशीला टेकली आहे. गोठा तीच चालवते, ऑल्डनला ती 'म्हातारबा' म्हणते, मला आत्या. दर वर्षी हंडी निघायची वेळ झाली की ही लाकडाच्या धुरानं काळी झालेली बाई मागे सरून गर्दीत उभी राहायची, हातातलं फडकं पिळत. तो चेहरा मी बघितला आहे. ऑल्डननं कधी बघितला नाही, कारण त्याचे डोळे हंडीवर असायचे. मला या जन्मात एकदा तिच्या हातात तो आकडा बघायचा होता. बस्स.

ड्वाइटला फोन केला. तो म्हणाला, "आई, मला घेवडा बाधतो गं."

"खायला नाही बोलावत, काढायला बोलावतेय."

"मामाला सांग येतो," तो म्हणाला, पण दात उपटून घ्यायला जातोय अशा आवाजात.

त्यात या दिवसाची तयारी बघणाऱ्या समितीनं टूम काढली. यंदा म्हणे जेबेझपासून आजपर्यंतची सगळी वंशावळ एका मोठ्या फळ्यावर रंगवून माळावर लावायची. आणि ती शोधायची कुणी? व्हर्नानं. मला काय, मी लगेच हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमच्यापासून वर रूबेन टिल्टनपर्यंत वाट सरळ होती. घरच्या बायबलात नावं होती, दगड होते, आजीनं सांगितलेलं होतं. रूबेन हा जेबेझचा मुलगा, असं आम्ही पाळण्यापासून ऐकत आलो. पण चर्चच्या जुन्या नोंदींत जेबेझच्या दोन मुलींचे बाप्तिस्मे सापडले, सबमिट आणि थँकफुल, त्या काळची नावंच तशी. रूबेनचा नाहीच. आता मला सांगा, दोन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला आणि बाप त्याला चर्चमध्ये न्यायला विसरला? मेंढराच्या कानाला आपली खूण करायला जो विसरत नव्हता, तो जेबेझ?

"दगड बघून येऊ," मार्नी म्हणाली. "दगड तरी खोटं बोलत नाहीत."

असं म्हणणाऱ्याला माझा आजोबा माहीत नाही.

डोंगरावरच्या जुन्या दफनभूमीत आम्ही दोघी गेलो. पहिल्या रांगेत जेबेझ, शेजारी त्याची बायको मेहिटेबल, आणि तिच्या शेजारी रूबेन. पाटीच्या दगडावर कोरलेली पंखवाली डोकी, खाली नाव. त्या काळात प्रत्येकाला दोन दगड असायचे, उशाशी नावाचा मोठा आणि पायथ्याशी नुसत्या आद्याक्षरांचा छोटा. माणूस पलंगावर झोपावा तसा दोन दगडांच्या मध्ये झोपलेला. मार्नी पायथ्याकडून चालत गेली आणि थांबली.

"आत्या, याला पाय नाहीत."

"कुणाला?"

"रूबेनला. जेबेझला पायथ्याचा दगड आहे, मेहिटेबलला आहे. याच्या पायथ्याशी नुसतं गवत."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आजोबा! आमचा लायमन आजोबा या दफनभूमीचं गवत कापायचा. गावानं त्याला नवं कापायचं यंत्र घेऊन दिलं, आणि यंत्राला वाकडेतिकडे दगड आडवे यायला लागले. मग त्यानं काय करावं? उशाचे दगड उपटले आणि शाळेतल्या प्रार्थनेला पोरं उभी करावीत तसे एका ओळीत लावून टाकले. आसपासच्या कितीतरी गावांनी हेच केलंय. गवत नीट कापता यावं म्हणून मेलेल्यांना रांगेत उभं करणारे लोक जगात दुसरे नसतील. पायथ्याचे दगड मात्र जमिनीत रुतलेले होते, यंत्राला अडत नव्हते. ते त्यानं राहू दिले.

"म्हणजे रूबेन इथे नाहीच?" मार्नी म्हणाली.

"त्याचे पाय असतील तिथे तो असेल."

मार्नी ट्रॅक्टरमधली लोखंडी सळई घेऊन आली आणि जमीन टोचत निघाली. मी मागून सूचना देत होते, ती ऐकत नव्हती. शेवटी उत्तरेकडच्या कोपऱ्यात, जुनिपरच्या झुडपाखाली, ठक्क झालं. तिनं गवताची चामडी हातानं सोलली. छोटा दगड, त्यावर 'आर' आणि 'टी'. आणि शेजारच्या जागेत शेतातला एक ओबडधोबड धोंडा, कुणाच्या तरी उशाशी रोवलेला. त्यावर काही नाही. एक रेघसुद्धा नाही.

मी तिथेच बसले. कारण तो कोपरा कुणाचा, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ज्यांचं कुणी नव्हतं, ज्यांना गावाच्या खर्चानं पुरलं, त्यांचा तो कोपरा.

"तुमचा हा शेतकरीपुत्र इथे काय करतोय?" मार्नीनं विचारलं.

"तेच तर!" मी म्हटलं.

आता या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे असेल तर ते बांधापलीकडच्या ओरिन हॉइटकडे. हॉइट म्हणजे जेबेझच्या सबमिटचे वंशज, मुलीकडचे. आमचं आणि त्यांचं पिढ्यान् पिढ्या जेवढ्यास तेवढं. ऑल्डन आणि ओरिन तर सामायिक बांधाचा दगड कुणी सरकवला यावरून किती वर्षं बोललेले नाहीत. ओरिननं तरुणपणी मला एकदा नाचायला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, पण ते असो.

ओरिन ओसरीवर बसून घेवडा निवडत होता. मी सगळं सांगितलं. तो एकेक दाणा बघत राहिला. मग म्हणाला, "सापडला म्हणायचा रूबेन."

"तुला माहीत होतं?"

"हॉइटांच्या घरात शेंबडं पोर सांगेल."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"कुणी विचारलं नाही."

हार्लोचा माणूस! घराला आग लागली तरी विचारल्याशिवाय सांगणार नाही. मी त्याच्या हातातलं टोपलं काढून घेतलं. "आता विचारतेय. बोल."

मग तो बोलला. एका हिवाळ्यात कुठून तरी एक बाई लहान मुलाला घेऊन गावात आली. गावानं तिला रीतीप्रमाणे निघून जायला सांगितलं, कारण राहिली असती तर तिचा भार गावावर पडला असता. ती गेली नाही. जायची ताकदच नव्हती. ती मेली आणि मुलगा गावाच्या गळ्यात पडला. तेव्हा अशा मुलांचा सभेत लिलाव व्हायचा.

"बैलाची बोली वर चढते," ओरिन म्हणाला. "माणसाची खाली उतरायची. या पोराला वर्षभर सांभाळायला गावाकडून कमीत कमी किती घेशील? जो सगळ्यात कमी मागेल त्याला पोर. मग तो त्याला कमीत कमी खायला घालणार, उघड आहे. बोली उतरत होती. तेवढ्यात मागून जेबेझ उठला आणि म्हणाला, मला काही नको. पोराला घेतलं आणि घरी गेला. पुढच्या वर्षी सभेला आणलंच नाही. मग नाव दिलं. आणि मरताना शेतही त्यालाच दिलं."

"आणि सबमिट?"

"सबमिट आमची. पोटची पोरगी, जावई शेजारी, आणि शेत गेलं लिलावातल्या पोराला! आमच्या घरात तेव्हापासून हे कुणी विसरलेलं नाही. तुम्ही लाजेपायी विसरलात, आम्ही रागापायी लक्षात ठेवलं. म्हातारा झाल्यावर रूबेननं सांगून ठेवलं, मला आईशेजारी पुरा. तो तुमचा धोंडा म्हणजे त्याची आई."

मी टोपल्यातले दाणे उगाच निवडायला लागले. मग सुचलं ते विचारलं. "म्हणजे जेबेझच्या रक्ताचा गावात सगळ्यात थोरला माणूस तू. हंडीचा मान तुझा."

"हो."

"आणि तू जन्मभर मागितला नाहीस?"

"आदल्या दिवसापासून धुरात बसायचं, कंबर मोडून ते लोखंड ओढायचं, तेही फुकट? जेबेझच्या रक्तात तेवढी अक्कल आहे, व्हर्ना." मग टोपलं परत आपल्याकडे ओढून घेत म्हणाला, "आमची आजी म्हणायची, जेबेझला वेड लागलं होतं. मीही तेच म्हणायचो. मग माझं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तुमची मार्नी अख्खा हिवाळा माझ्या गाई दोहून गेली. मी बोलावली नव्हती. तेव्हापासून मी तसं म्हणत नाही."

शंकेला जागा नको म्हणून मी गावच्या सभेच्या जुन्या नोंदी बघून आले. ओरिनचा शब्द न् शब्द खरा होता. आता प्रश्न ऑल्डनचा.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? मार्नीची वाट मोकळी झाली असं वाटलं. पण भीतीही तेवढीच. म्हाताऱ्याचा एकच अभिमान, आणि तो मी सळईनं टोचून उकरून काढलेला. ब्लूबेरीचा 'पाय', म्हणजे बेरी भरून भाजलेली गोड पोळी, त्याला आवडतो. सकाळी तोच भाजून घेऊन गेले आणि त्याच्या स्वयंपाकघरात बसून सांगून टाकलं. मार्नी चुलीशी, आमच्याकडे पाठ करून उभी होती.

ऑल्डननं घास खाली ठेवला. "दगड गाईनं सरकवला असेल."

"गाईनं? दफनभूमीत?"

"ओरिन खोटारडा आहे. बांधाचा दगड..."

"बांधाचा दगड गेला खड्ड्यात! मी सभेची नोंद डोळ्यांनी बघून आले."

त्यानं बशी बाजूला सारली आणि खिडकीकडे मान वळवली. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "त्या बाईचं नाव काय होतं?"

"कुणी लिहून ठेवलं नाही."

"काहीच नाही?"

"नाही रे."

ऑल्डन उठला, टोपी घातली आणि काठी टेकत बाहेर गेला. ब्लूबेरीचा 'पाय' तसाच राहिला. मार्नीनं तो झाकून ठेवला आणि एकेक भांडं दाणकन आपटत धुवायला लागली. मी म्हटलं, "अगं, आता तरी हसशील की नाही? आता त्याला रक्ताचं नाव काढायला तोंड राहिलं नाही."

"हो ना," ती म्हणाली. "छान झालं." आणि पुढचं भांडं फोडलं.

मला तिचं काही कळेना. त्याचं तर त्याहून नाही. आठवडाभर तो कुणाशी बोलला नाही, गाईंशीही नाही. मला झोप लागेना. वाटायचं, माझ्या या खाजेनं भावाला संपवलं. आणि मग एके सकाळी चर्चला फुलं घेऊन चालले होते तर वर दफनभूमीत ट्रॅक्टर उभा. जवळ गेले तर काय! ऑल्डन आणि ओरिन. रूबेनचा उशाचा दगड रांगेतून उपटलेला, ट्रॅक्टरच्या फळीवर झोपवलेला, आणि दोघं म्हातारे कोपऱ्यात खड्ड्यावर वाकून भांडत होते.

"पहार डावीकडून घाल!"

"डावीकडे मूळ आहे, आंधळ्या!"

"सरळ लाव. हे टिल्टन लोक दगड सरळ लावतच नाहीत."

"तुझ्या बांधासारखा नको लावू म्हणजे झालं."

इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं एका सकाळीच काढत होते. ऑल्डनला वजन उचलायला मनाई होती, आणि ओरिनचा खुबा तसला. मी दोघांनाही शिव्या घातल्या आणि मार्नीला फोन करून बोलावली. तिनं येऊन दगड एकटीनं बसवला, माती दाबली आणि पहार ट्रॅक्टरमध्ये फेकून निघून गेली. ऑल्डन मात्र त्या बिननावाच्या धोंड्यासमोर टोपी काढून उभा राहिला. माझ्या मनावरचं ओझं तेव्हा उतरलं.

घरी येऊन त्यानं स्वतः ड्वाइटला फोन केला, येऊ नकोस म्हणाला. ड्वाइटनं इतका मोठा सुस्कारा टाकला की मला शेजारच्या खोलीत ऐकू आला.

जुन्या घरचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी मार्नीनं नेहमीसारखाच खड्डा पेटवला होता. काकवी, मोहरी, कांदे, खारवलेलं डुकराचं मांस, सगळं घालून जेबेझची हंडी तिनंच भरली होती, बाकीच्या मी. दुपारी माती उकरली तेव्हा वास सुटला आणि अख्खा माळ खड्ड्याकडे सरकला. फळ्यावर वंशावळ रंगवलेली होती. जेबेझच्या खाली रूबेन होता, तसाच, फक्त मी समितीला सांगून शेजारी एक ओळ घातली होती: 'सभेतून घरी आणलेला.'

ऑल्डन धुतलेला शर्ट घालून खड्ड्याशी उभा राहिला. भाषणं देणारा माणूस नव्हे तो. म्हणाला, "रूबेन जेबेझच्या पोटचा नव्हता. त्याला कुणी नव्हतं आणि जेबेझनं त्याला घरी नेलं. आम्ही सगळे त्या पोराचे. रक्तानं बघाल तर हंडी ओरिन हॉइटची."

सगळ्यांच्या माना ओरिनकडे. ओरिन म्हणाला, "माझा खुबा मोडका आहे," आणि बाकावरून हलला नाही.

मग ऑल्डन वळला आणि आकडा मार्नीपुढे धरला. "घे."

मी तर आधीच रुमाल काढला होता. पण मार्नीनं आकडा घेतला नाही. धुरानं काळी, केसांत राख, दोन्ही हात कमरेवर.

"एक विचारू, म्हातारबा?" ती म्हणाली, सगळ्या गावासमोर. "तुझं रक्त खोटं निघालं म्हणून मला देतोयस ना? खरं निघालं असतं तर? तो दगड सापडला नसता तर? मी आजही फडकं घेऊन मागेच उभी असते ना?"

मला वाटलं, संपलं. आणि तिचं बरोबर होतं हो. ती भांडी का फोडत होती हे मला तेव्हा कळलं. मी नुसती तिची वाट मोकळी करायला निघाले होते, तिला काय हवंय ते विचारलंच नव्हतं.

ऑल्डनचा हात आकड्यासकट तसाच पुढे होता. तो म्हणाला, "हो. उभी असतीस. मी दिला नसता."

मार्नीनं कमरेवरचे हात खाली घेतले.

"जेबेझला कुणी दगड उकरून दाखवावा लागला नव्हता," तो म्हणाला. "त्यानं पोर बघितलं आणि घरी नेलं. मी तुला रोज बघत होतो, जेवणाच्या टेबलावर, गोठ्यात, इतकी वर्षं, आणि तरी मला दगड लागला. तो माझ्यापेक्षा शहाणा माणूस होता आणि मी गाढव आहे. त्याला मी काय करू? पण मार्नी, माझी मुलगी तू आहेस. आज झाली नाहीस. त्या पहिल्या वासराच्या दिवसापासून आहेस, फक्त मी ते तोंडानं म्हटलं नाही. आता घे, नाहीतर नको घेऊस. तुला रागवायचा हक्क आहे."

एवढं लांब बोलताना त्याला आमच्या आईनंही कधी ऐकलं नसेल. मी ढसाढसा रडत होते. ओरिन टोपीनं डोळे पुसत होता आणि धुराला दोष देत होता, आणि धूर तर केव्हाच विरला होता.

मार्नीनं नाक बाहीला पुसलं. मग आकडा त्याच्या हातातून हिसकावून घेतला. "बाजूला हो," ती म्हणाली, "वाफ लागेल तोंडाला." पाय रोवले, कडीत आकडा अडकवला, आणि सर्व गावच्या म्हाताऱ्या बायांसमोर छापता येणार नाही अशी एक शिवी हासडून जेबेझची हंडी वर ओढली. झाकण काढलं. दाणा न् दाणा अख्खा, वर तपकिरी रस खदखदत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या की काय केलं मला आठवत नाही, मी तिच्याकडेच बघत होते. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती, तोंडभर, दात दिसेपर्यंत.

पहिली बशी हंडी काढणाऱ्यानं वाढायची असते. तिनं ती ऑल्डनला दिली. तो उभ्या उभ्याच खायला लागला. आसवं गालावरून बशीत पडत होती, आणि तो पुसत नव्हता.

"कसं झालंय?" मार्नीनं विचारलं.

ऑल्डननं आणखी एक चमचा खाल्ला, नीट विचार केला, आणि म्हणाला, "मीठ कमी आहे. पुढच्या वर्षी जास्त घाल."